पेव

खणभागात माझं दुकान, साडेसहा बाय आठ.
फॉल, पिको, रफू, जुने काठ उसवून नव्याला.
साड्या मला उलट्या बाजूनं भेटतात.
सुलट बाजू मांडवात मिरवते,
उलटीवरचे धागे खरं बोलतात.

जिनमतीअक्का मगदूम. हळदीची पेढी, तीन पिढ्यांची.
वर्षातून दोनदा येतात, रिक्षानं,
कापडी पिशवीत दोन इरकली घेऊन.
एक राखी.
दुसरी, जांभूळ पिकून काळं पडावं तसली.
काठ बोटभर.
"फॉल बदल गं, पाच वर्षं झाली असतील."
मी वही उघडते. आठ झालेली असतात.

ब्लाऊज कोपरापर्यंत. कानात हिऱ्याच्या कुड्या,
एवढ्या बारीक की ट्यूबलाइट लुकलुकली नसती
तर मला दिसल्याही नसत्या.

एकदा त्या बसलेल्या असताना
कुणाची तरी नवी सून आली, खडे-मणी जडवलेली साडी घेऊन.
माझ्या मशीनची सुई तीनदा मोडली.
अक्का म्हणाल्या, "रंग गोड आहे हो,"
आणि स्टुलावरची जागा तिला दिली.
त्या चार शब्दांत मी टोमणा शोधत राहिले रात्रीपर्यंत.
नव्हता.
टोमणा ज्यांना परवडत नाही तेच मारतात बहुतेक.

माझा बाप हरिपूरला पेवांवर हमाल होता.
तोंड माणूस उतरेल एवढंच, पोट मात्र खोलीएवढं,
आत पोत्यांवर पोती हळद, वर पाला, वर माती,
आणि मातीवर कुणाची तरी म्हैस चरत असायची.
पेव उघडलं की आधी कंदील सोडायचे आत.
विझला, तर त्या दिवशी कुणी उतरायचं नाही.
"पायाखाली लाखाचा माल," बाप म्हणायचा,
"वरून बघशील तर गवत."
राखी इरकलीची घडी उलगडताना
मला त्या गवताचा वास येतो.

मग पूर आला. पेवांत पाणी गेलं.
कुणाचं किती बुडालं, पेठेत दुसरा विषय नव्हता.
अक्का आल्या, नेहमीच्या महिन्यात, तीच राखी नेसून.
मी वाकून निऱ्या बघितल्या, पदर बघितला, चेहराही.
काही कळलं नाही.
आहे तेव्हाही हीच साडी, गेलं तेव्हाही हीच.
पैसे सुटे दिले. घासाघीस आधीही नव्हती.

त्या वर्षी मीही घेतली तसलीच राखी,
त्याच दुकानातून, सहा हप्त्यांवर.
पुतणीच्या लग्नाला माधवनगरला नेसून गेले.
केस नीट, कुंकू बारीक, हात कोपरापर्यंत झाकलेले.
जाऊ म्हणाली, "आज तरी जरा बरं नेसायचंस."
फोटोवाला म्हणाला, "मावशी, थोडं बाजूला होता का?"
झाले.

सूत तेच, काठ तोच, मागही तोच असेल कदाचित.
अक्कांच्या अंगावर तिला खानदानी म्हणतात.
माझ्या अंगावर तिला काय म्हणतात ते मी ऐकलं.
गवत सगळीकडे सारखंच की.
खाली काय आहे ते गावाला आधीच ठाऊक असावं लागतं.

अक्कांना हे सांगितलं, हसत हसत.
त्या हसल्या नाहीत. माझा पदर हातात घेतला,
पालथा केला, चष्मा वर सरकवून काठाजवळचे टाके बघितले.
"हातानं घातलास फॉल?"
"हो."
"माझ्याला मशीनचा घालतेस."
"तुम्ही हातचे पैसे कुठं देता, अक्का?"
तेव्हा हसल्या, मोठ्यानं, तोंडावर पदर न घेता.
मी पहिल्यांदाच त्यांचे दात बघितले.

साडी मी मोडलेली नाही.
दिवाळीला नेसणार आहे, तीच, परत.
एका इंचात अकरा टाके आहेत.
जावेला दिसायचे नाहीत.